मातेच्या पायापर्यंतचं पाणी

तळ्याला लाटा असतात, असं मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. माझं माहेर रत्नागिरीकडचं. परसातले माड संपले की समुद्र. लाट म्हणजे काय, हे शिकायला आम्हाला चांद्याला जायची गरज नव्हती. पण विदर्भ मुंबई राज्यात आला आणि सरकारनं आमच्याकडचे काही ओव्हरसियर उचलून थेट चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात टाकले, त्यात हे एक. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि आता घेऊन काय करायचं, ऐकायला ते नाहीत.

कोकणात ह्यांनी एका लहान बंदराच्या धक्क्याचं काम केलं होतं. समुद्राकडची भिंत किती उंच बांधायची, यावर ह्यांचे रात्रंदिवस हिशेब चालायचे. मी विचारलं, त्यात एवढं काय आहे, मोठ्यात मोठ्या लाटेहून थोडी उंच बांधा की. तर म्हणाले, "तीच तर गोची आहे. मोठ्यात मोठी लाट आपण फूटपट्टी घेऊन उभे असतो तेव्हा येत नाही. ती येऊन गेलेली असते, नाहीतर यायची असते." मग पुस्तकातलं गणित मांडायचं, वारा किती, पाण्याचा मोकळा पट्टा किती लांब. आणि मग वाडीवाडीतून हिंडून विचारायचं, बाबांनो, पाणी कुठवर आलं होतं? कुणी देवळाची पायरी दाखवायचा, कुणी माडाचं खोड. गणित आणि माणसांची साक्ष जुळली, तरच हे कागदावर आकडा घालायचे. या कामात त्यांना फार गोडी होती.

सावली नावाच्या गावाहून बैलगाडीनं निघालं की वैनगंगेच्या अलीकडे एक गाव लागायचं. तिथल्या तलावावर ह्यांची नेमणूक झाली. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली होती, मालगुजारांचे तलाव सरकारच्या गळ्यात पडले होते आणि सरकारला ते तपासून दुरुस्त करायचे होते. आमचा तलाव चांगलाच मोठा. तीन बाजूंना टेकड्या आणि सागाचं रान, चौथ्या बाजूला मातीची लांबलचक पाळ. पाळीवर चिंचेची जुनी झाडं, पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि अगदी पायथ्याला चिकटून ढिवरटोली. कुडाच्या भिंतींची, तणसाच्या म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या छपरांची एक रांग. ही माणसं तलावात मासे धरायची, शिंगाडे लावायची. सकाळी दार उघडलं की सात पावलांवर पाळ, पाळ चढली की पाणी. पाळीच्या आडोशाला वारा लागत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहत होती.

पहिल्या पावसाळ्यात मी तलावाच्या लाटा पाहिल्या आणि माझं हसू बंद झालं. टेकड्यांकडून वारा सुटला की पाण्याचा तो सगळा पट्टा ढवळत यायचा आणि पाळीवर आदळायचा. समुद्राची लाट वाळूवर येऊन पसरते, दमते. ही मातीवर येते आणि दरवेळी मूठभर माती घेऊन जाते. गावात तिला लहर म्हणायचे. हे छत्री सोडून, धोतराचा काचा मारून, खुणा केलेली काठी पाण्यात रोवून तासन्‌तास बसायचे. टोलीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मलाही हसू यायचं, पण नवरा माझा होता, म्हणून मी घरी येऊन हसायचे.

गणिताचं उत्तर बरंच मोठं आलं. त्या हिशेबानं पाळ निदान चार हात उंच करायला हवी होती. आणि मातीची पाळ नुसती वर चढत नाही. एक हात वर न्यायची तर पायथा अडीच-तीन हात बाहेर सरकवावा लागतो, नाहीतर उतार ढासळतो. आतल्या अंगाला पाणी आणि गाळ, तिथं भर टिकत नाही. म्हणजे सरकायचं ते बाहेर, टोलीकडे. चार हात उंची म्हणजे टोलीची सगळी रांग मातीखाली. तलावापासून लांब, गावाच्या पलीकडच्या बरड माळावर त्यांना नवी जागा मिळाली असती. पाण्यावर जगणाऱ्या माणसांना माळावर नेऊन बसवायचं! ह्यांची झोप उडाली.

चांद्याच्या साहेबांना ह्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, पुस्तक समुद्रासाठी लिहिलेलं असतं, डबक्याला लावू नका, गावातली खूण बघा.

खूण तर होती. पाळीच्या आतल्या उतारावर, पाण्यापासून थोडी वर, दगडांच्या ओट्यावर शेंदूर फासलेली पाळीची माता. हिंडून हिंडून ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर.

"पानी मातेच्या पायापावतर येते साहेब. त्याच्या वरती कधी गेलंच नाई."

पाटील तेच सांगे, पुजारी तेच सांगे, मालगुजाराचा म्हातारा दिवाणजी तेच सांगे. मोठ्या पाण्याचं एक साल होतं, गावातल्या पोक्तांच्या लहानपणाचं किंवा तरुणपणाचं. तेव्हा सगळी पाळ जाणार असं वाटलं होतं, पण पाणी मातेच्या पायाशी येऊन थांबलं, पाळ वाचली, गावातलं कुणी म्हणजे कुणी गेलं नाही. ही गोष्ट मला त्या गावात इतक्या जणांनी सांगितली की शेवटी मीच ती पाहुण्यांना सांगायला लागले. मातेच्या पायाची उंची मोजली तर पाळ उंच करायची काही गरजच नव्हती. आतून दगड लावला, फुटके उतार नीट केले की काम झालं. गणित आणि साक्ष जुळत नव्हती, ते ह्यांना खुपत होतं. पण टोली वाचत होती, म्हणून मनातून ते खूश होते. ती बातमी टोलीत पोचली आणि आमच्या ओसरीवर टोपलीभर झिंगे आले. नको नको म्हणत मी ते ठेवून घेतले आणि आमच्या पद्धतीनं, कोकम घालून केले. आयुष्यात इतक्या समाधानानं कधी जेवले नसेन.

टोलीतली एक बाई रोज आमच्याकडे मासळी घेऊन यायची. पन्नाशीची असेल, विधवा, एकटी. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई म्हणायची, मी तिच्याहून कितीतरी लहान असूनही. बोलणं अगदी कमी. मी मात्र तोंडाळ, माझ्या माहेरच्या गप्पा तिला सांगत बसायचे आणि ती मासे साफ करता करता हूं हूं करायची. झिंग्यांच्या दुसऱ्या दिवशी ती आली ती रिकाम्या हातानं. ओसरीच्या कडेला बसली आणि ह्यांना म्हणाली,

"साहेब, पाळ वरती नाई जात ना?"

"नाही. टोली आहे तिथंच राहील," हे म्हणाले.

ती उठली, अंगणापर्यंत गेली, परत आली.

"आनि पानी आलं तर?"

"मातेच्या पायापर्यंतच येतं ना मावशी. सगळं गाव सांगतंय."

"येते. पन माता तवा तिथी नव्हती."

हे हातातला चहा खाली ठेवून तिच्यासमोर बसले. मावशीनं सांगितलं ते असं. मोठं पाणी आलं तेव्हा माता पाळीच्या अगदी वर, चिंचेखाली होती. पाणी खरोखरच तिच्या पायाला लागलं होतं. पुढे काही वर्षांनी दुष्काळ पडला, तलाव आटला.

"आमच्या इथी तसंच करते साहेब. पानी येत नाई तर मातेले खाली नेते, पान्याच्या जवळ. तिले तहान लागली का ते पानी बोलावते. बोलावलं तिनं. पानी आलं."

"मग परत वर नाही नेली?"

"नाई नेत. वरती नेलं तर पानीबी जाते म्हनते."

तेवढंच. कुणी खोटं बोललं नव्हतं. पाणी मातेच्या पायापर्यंत येतं, हे वाक्य गावानं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं, आणि माताच खाली उतरली आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दुष्काळानंतर जन्मलेल्यांना ती कायम तिथंच दिसत आलेली, आणि म्हाताऱ्यांना देव हलवला तरी देवच, त्याची जागा तीच. कोकणात पायऱ्या आणि खोडं विचारत हिंडलेल्या माझ्या नवऱ्याला, देव चालत खाली येतो हे कुठून सुचावं?

"पाणी चिंचेपर्यंत आलं होतं?" ह्यांनी विचारलं.

"पानी चिचेच्या बुडाले. लहर पाळीवरून."

"तुम्हाला कसं माहीत?"

ती माझ्याकडे बघून बोलायला लागली, ह्यांच्याकडे नाही.

"मी वरतीच होती बाई. साऱ्या बाया वरती होत्या. मानसं लहर मोडाले फांद्या आनि तनसाच्या पेंढ्या टाकून राह्यले होते, आमी पेंढ्या देत होतो. पोट्टीले घरी निजवून आली होती. पाळीखाली वारा लागत नाई. मले वाटलं, खाली बरी राहीन." तिनं हात छातीशी नेला. "एक लहर इथी लागली मले. मी पडली नाई. ते माह्या आंगावरून मांगं गेली. मांगं खाली माह्यं घर होतं."

पाळ वाचवायला ती वर उभी होती आणि लाट तिच्या अंगावरून तिच्या घरावर गेली. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. तरी मी उठून आत गेले आणि चुलीपुढे बसले.

दुसऱ्या दिवशी हे तिला घेऊन पाळीवर गेले. तिनं चिंचेखाली जागा दाखवली. वरचा पालापाचोळा आणि वीतभर माती काढली तर सपाट मांडलेले दगड लागले, आणि दगडांच्या सांध्यात शेंदराच्या खपल्या. हे बराच वेळ तिथंच उकिडवे बसून होते. चिंचेपासून पाळीचा माथा हातभरही वर नव्हता. पुस्तकाचं गणित आणि ती जागा आता अगदी बरोबर जुळली होती. एरवी असं जुळलं की ह्यांचा चेहरा उजळायचा.

मग गावात बैठक झाली. दुपारची वेळ, चावडीसमोर सगळी टोली. मी लांब बायकांच्यात उभी होते. माता वरती होती हे कबूल करायला कुणी तयार नव्हतं. दगड कुणीही मांडले असतील. शेंदूर कशाचाही असेल. आणि लहर पाळीवरून गेली असती तर कुणी मेलं नसतं का? त्या साली कुणीच गेलं नाही, ही गोष्ट तर लेकरालाही पाठ होती. मावशीचा सख्खा दीर उठला आणि म्हणाला,

"पोट्टी तापानं गेली साहेब. हे बुढी हाये, हिचं डोस्कं ठिकानावर नाई. हिच्या बोलन्यावर आमचे घरं पाडता काय?"

मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण त्याच्या मागं त्याच्या दोन सुना उभ्या होत्या, कडेवर मुलं, आणि चेहऱ्यावर नुसती भीती. तो घर वाचवायला बोलत होता, हेही दिसत होतं. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

मावशी उठली नाही, बसल्या जागेवरूनच म्हणाली, "ताप होता. म्हून तर घरी ठेवली होती."

म्हाताऱ्या दिवाणजीनं मान खाली घातली. त्याला आठवत होतं, मला शंका नाही. मातेनं सगळ्यांना वाचवलं या गोष्टीत ती मुलगी बसत नव्हती, म्हणून गावानं तिला गोष्टीतून काढून टाकलं होतं. मुद्दाम नव्हे. हळूहळू, वर्षानुवर्षं, चांगल्या मनानं.

मी नंतर मावशीला एकटीला गाठून विचारलं, का सांगितलंस? तुझंही घर जाणार. तुझेच लोक तुझ्यावर उलटले.

ती म्हणाली, "सारे म्हनते पानी आलंच नाई. मंग मी कोनासाठी रडली बाई?" मग म्हणाली, "आनि आता टोलीत लेकरं पाह्य ना किती हायेत. खालीच निजवते साऱ्या."

ह्यांनी महिनाभर डोकं फोडून घेतलं. आतून दगडी भिंत, सांडवा रुंद करणं, पाळीचं वळण बदलणं, काय काय मांडून पाहिलं. मीही भांडले, एवढं शिकलात तर दुसरा उपाय काढा म्हणाले. उपाय निघाला नाही. ज्या दिवशी चार हातांचा आकडा घालून कागद चांद्याला गेला, त्या दिवशी हे जेवले नाहीत. "जे कळलं ते कळलं," एवढंच म्हणाले.

मावशी रोज येत राहिली, पण मासे आणेना. जाळ्यातला तिचा वाटा टोलीनं बंद केला होता. तिच्या घरून कुणी विस्तव नेईना, तिला कुणी हाक मारीना. मी तिला जेवायला वाढायचे. ती अर्धं खायची आणि अर्धं बांधून न्यायची, कुणासाठी ते मी विचारलं नाही. पुढे दिराच्या नातवाच्या हातात आमच्या घरची पोळी पाहिली, तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात काम निघालं. घरं मोकळी झाली, लोकांनी छपरं, कवाडं, मासेमारीच्या होड्या म्हणजे डोंगे बैलगाड्यांवर घालून माळावर नेले. डोंगा माळावर नेताना पाहणं फार वाईट. नवा पायथा कुठवर येणार ते दाखवायला ह्यांनी खुंट्या मारून दोरी ताणली. दोरी मावशीच्या परसातून गेली. परसाच्या कोपऱ्यात सीताफळाचं एक झाड होतं, त्याच्या बुडाशी चार दगड. दोरी त्याच्या पलीकडे होती, म्हणजे झाड आणि दगड भरीखाली जाणार होते.

मावशी म्हणाली, "ते तिथी हाये."

ह्यांना आधी कळलं नाही. मला कळलं. लाट ओसरल्यावर मुलगी खालच्या बांधीत सापडली होती आणि लहान मूल म्हणून तिला पुरलं होतं, इथंच, घराच्या मागं. हे खुंटी उपटायला गेले. खुंटी अलीकडे मारली, दोरी पाहिली, पुन्हा उपटली आणि होती तिथं मारली. चार दगडांसाठी पाळीला खाच ठेवता येत नाही. मग ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ह्यांना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हातारपणी एकदा कधीतरी पाहिलं, ते निराळ्या कारणानं.

पुढे आमची बदली झाली. त्या तलावाला तसं पाणी पुन्हा आलं का, पाळीला ते चार हात लागले का, मला माहीत नाही. लागले नसतील तर टोली उगाच उठली म्हणतील, आणि लागले असतील तर कुणाला आठवणार नाही. मी पुष्कळदा देवापाशी बसून तेच मागितलं आहे, की त्या चार हातांची कधीच गरज पडू नये.

भर घालायला सुरुवात झाली त्या दिवशी मी गेले होते. मजूर आसपासच्या गावांतले, टोलीतलेही होते. काम कुणाला नको होतं? बाया डोक्यावर मातीच्या टोपल्या घेऊन रांगेनं येत होत्या आणि माणसं मागून लाकडी धुम्मस घेऊन ती माती ठोकत होती, कारण ठोकल्याशिवाय भर पक्की होत नाही. रांगेत पहिली मावशी होती. ह्यांनी तिला थांबवायला हात पुढे केला.

ती म्हणाली, "येऊ द्या साहेब. तिले पुरलं तवा बायाले जाऊ देल्लं नाई. मले दुसऱ्याच्या घरात धरून बसवलं होतं. मानसांनीच नेली, मानसांनीच माती देल्ली."

सीताफळ आदल्या दिवशीच तोडलं होतं. चार दगडांपाशी ती वाकली आणि टोपली उपडी केली, एकदम नाही, हातानं माती सारत सारत. सगळी रांग मागं उभी राहिली. तिचा दीर धुम्मस घेऊन पुढे उभा होता. त्यानं धुम्मस खाली टेकवला आणि तो बाजूला व्हायला लागला. बाकीचेही सरकले.

मावशीनं पदराला हात पुसले.

"ठोका भाऊ," ती दिराला म्हणाली. "कच्ची ठेवू नोका."

त्यानं धुम्मस उचलला. दोन घाव ऐकेपर्यंत ती तिथं थांबली, मग रिकामी टोपली घेऊन दुसऱ्या खेपेला गेली.